म्हैस, घोडी आणि झरीचं काळं रान

परभणीला निघाले तेव्हा घरच्यांना मी सांगितलं होतं, हुरडा खायला चाललेय. खोटं नव्हतं ते. हुरडा खाल्ला, भरपूर खाल्ला. फक्त त्याआधी विमानातून उडी मारायची होती, एवढं सांगायचं राहिलं.

ज्यांनी कधी अशी उडी मारली नाही (आणि शहाणी माणसं मारतही नाहीत) त्यांच्यासाठी थोडं सांगते. उडीतला खरा प्रश्न पडण्याचा नसतो, छत्रीचा असतो. डोक्यावर उघडणारं ते कापड मोठं असेल तर तुम्ही सावकाश, आळसावल्यासारखे खाली येता. लहान असेल तर ते तुम्हाला घेऊन सुसाट निघतं, हात जरा हलला की वळतं, आणि तुमची बारीकशी चूक क्षणात मोठी करून दाखवतं. नवखा माणूस मोठ्या छत्रीवर शिकतो आणि हळूहळू लहान छत्रीकडे येतो. मी नवखीच. माझी मोठी छत्री सोडून लहान घ्यायची का, हे या सहलीत ठरवायचं होतं.

आता माझं दुखणं. मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे मोडलेले सांधे वळवत बसते. माझ्याच डाव्या घोट्यात पट्टी आणि स्क्रू आहेत, ही स्कूटरची कृपा. ते बसवणाऱ्या डॉक्टरांनी बजावलंय, हाच घोटा पुन्हा मोडला तर सरळ चालणं विसरा. त्यामुळे विमानातून बाहेर पडताना मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती अगदी शेवटची, पाय टेकण्याची.

झरी

झरीत आमचा मुक्काम शेषराव गुरुजींकडे होता. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांचा मुलगा फौजेत आम्हाला उडी शिकवणाऱ्या कर्नलसाहेबांच्या हाताखाली होता, त्या ओळखीवर त्यांनी आपलं सोयाबीन निघालेलं रान आम्हाला उतरायला दिलं होतं. थंडीतलं स्वच्छ आभाळ, सपाट जमीन, तुरळक झाडं. कर्नलसाहेब निवृत्त झाल्यापासून अशा जागा शोधत फिरत असतात. विमान शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवरून उडणार होतं.

दारात गुरुजींच्या पत्नी कांताबाई बादली आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. वर छपरावर पंचशील ध्वज फडफडत होता, त्याच्याकडे बघत मी वाऱ्याचा अंदाज घेत होते.

"आधी पाय धुवा, मंग आत या."

त्या स्वतः पाणी घालायला वाकल्या. मी घाईनं तांब्या घेतला आणि पाठ करून उभी राहिले. घोट्यावरचा व्रण कुणी बघितलेला मला आवडत नाही. आमच्याकडे पाहुणा बूट काढतो, सोफ्यावर बसतो, त्याच्या पायांची चौकशी कुणी करत नाही. इथं पहिली भेट पायांशीच.

"तुमीच का त्या आभाळातून येणाऱ्या?"

"हो, मीच."

"घरी कुनी काई म्हणत न्हाई?"

"म्हणतात की. रोज म्हणतात."

"मंग?"

"मग काय, मी ऐकत नाही."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "लय वांड दिसताव की माय तुमी!"

संध्याकाळी रान बघायला गेलो. पूर्वेकडून वारा होता आणि पावलागणिक फुफाटा उडत होता. उजवीकडे डोक्याइतकी ज्वारी, डावीकडे तूर कापलेलं रान, त्यात तिरक्या कापलेल्या खुंट्या भाल्यांसारख्या उभ्या. आणि पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याकडे तोंड केलं तर आमच्या पाठीमागे, विजेच्या मोठ्या तारा.

अर्धं गाव आमच्याबरोबर रानात शिरलं होतं. कर्नलसाहेब ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत लोकांना बांधावर पिटाळत होते आणि लोक दुसऱ्या बाजूनं परत येत होते. शेवटी वैतागून त्यांनी गावालाच नियम शिकवले. "उतरलेला माणूस लगेच उठून हात वर करेल. म्हणजे सगळं ठीक. तो पडून राहिला तर जागा वाईट आहे असं वरचे समजतील आणि दुसरीकडे उतरतील. कळलं? तेव्हा कुणी पळत येऊन त्याला उचलायचं नाही!"

"पडल्यालं मानूस उचलायचं न्हाई?" कांताबाईंना ते पटेना. "ह्ये कुठलं शास्त्र?"

मग डोळ्यांत गेलेली धूळ पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "पर ह्या फुफाट्यात पाव्हन्यानं यायचं म्हंजी बरं न्हाई दिसत. पावसाळ्यात बघा हे रान. एक पाय घातला का माती पाय सोडत न्हाई. मानूस म्होरं, चप्पल मागं. आमच्या सासूबाईची जोडवी अजून हितंच हाईत कुठंतरी."

आम्ही सगळे हसलो. मी पण हसले.

येलदरी

दुसऱ्या दिवशी वारा इतका होता की उडीचं नाव काढायची सोय नव्हती. कर्नलसाहेबांनी आम्हाला येलदरीला नेलं. धरणाखालच्या मोकळ्या माळावर त्यांनी दोन्ही छत्र्या उघडायला लावल्या, जमिनीवर उभं राहूनच वाऱ्यात धरायला.

आम्ही म्हणजे मी आणि निखिल. निखिल पुण्यात संगणकावर काहीतरी करतो, माझ्याहून वयानं पुष्कळ लहान, उड्याही माझ्याहून कमी, पण छत्री लहान. माझ्या मोठ्या छत्रीला तो म्हैस म्हणायचा. म्हणून मी त्याच्या छत्रीला घोडी म्हणायला लागले. कर्नलसाहेबांनी मला वापरून बघायला आणलेली छत्री त्याच घोडीच्या मापाची होती.

घोडीत वारा भरला तसा निखिल दोन उड्या मारत कडेला गेला आणि आपटला. मग मी धरली. बाप रे! हातातली दोरी बोटभर ओढली की ती असा हिसका द्यायची की खांदा निघतोय की काय वाटावं. आणि तरी काय मजा यायची! सांगितलेलं तत्काळ ऐकणारं काहीतरी हातात आहे, याची चटक लागते. त्यानंतर म्हैस. ती सावकाश वर आली, डोक्यावर पसरली आणि निवांतपणे मला मागे ओढत निघाली. मी टाचा रोवल्या, शिव्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. निखिल पडल्या पडल्या टाळ्या वाजवत होता.

दुपारी धरणावरच्या एका घरगुती खानावळीत जेवलो. येलदरीचा मासा, काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी. आम्ही नाशिकची माणसं तिखट खातो असा माझा समज होता, तो पहिल्या घासाला गळून पडला. नाक पुसत मी कर्नलसाहेबांना विचारलं, "सर, तुम्हीच सांगा ना कोणती घेऊ."

"मी सांगणार नाही. दोन्ही तुम्हाला झेपतात, एवढंच सांगतो." ते साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. "पण चांगल्या दिवसासाठी छत्री निवडायची नसते, मॅडम. आजवरचं तुमचं सगळ्यात वाईट उतरणं आठवा. त्या वेळी खाली काय हवं होतं?"

"गादी," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "मोठीचाही दोष ऐकून ठेवा. वारा वाढला की लहान छत्री वारा कापत पुढे जाते, मोठी जागच्या जागी उभी राहते. कधी मागे सरकते. तेव्हा आपल्या मागे काय आहे ते आधी बघून ठेवा."

मागे काय होतं ते मी बघितलेलं होतं. जेवण पुढे गेलं नाही.

वर

सकाळी घोडी माझ्या पाठीवर होती. खोटं कशाला सांगू, गाव बघणार होतं, आणि म्हशीवरून डुलत डुलत उतरायची मला लाज वाटत होती. विमानात चढायच्या आधी सवयीनं डावा घोटा गोल फिरवला. कट्ट असा आवाज झाला. तो नेहमीच होतो. पण मी पट्टे सोडले, घोडी उतरवली आणि म्हैस बांधली. निखिलनं आभाळाकडे बघत आपल्या पट्ट्यांशी चाळा केला, हे त्याचं नशीब.

मैदानाजवळ आमचा एक सहायक गाडी घेऊन थांबला होता. तोही पुण्याचा. त्यानं फोनवर कळवलं, "वारा आहे, पण मर्यादेत. मैदान एकदम तयार."

मी पहिल्या फेरीत एकटी. विमान वळसा घेऊन येणार आणि दुसऱ्या फेरीत निखिल, त्याच्यामागून कर्नलसाहेब.

पडण्याबद्दल लिहीत नाही, त्यात मला काही करायचं नसतं. छत्री उघडली, चौकोनी, धडधाकट. दोऱ्या ओढून बघितल्या. म्हैस डावीकडे वळ म्हटलं की विचार करून वळत होती. मग खाली बघितलं आणि मला रान ओळखूच येईना.

परवा करड्या धुळीचं होतं ते रान आज काळंभोर होतं. नुकत्याच केलेल्या डांबरी रस्त्यासारखं गुळगुळीत. पहिल्यांदा बरंच वाटलं, किती ठळक दिसतंय म्हणून! मग कडेला पाण्याचे पाइप चमकले. आणि मग गाव दिसलं. परवा हाकलूनही न हटणारं गाव आज एका सरळ रेषेत बांधावर उभं होतं. त्या काळ्या चौकोनात एकही माणूस नव्हतं.

माणूस म्होरं, चप्पल मागं.

यांनी सडा घातला होता! दारात पाहुणा यायचा म्हणून अंगणात घालतात तसा, अख्ख्या रानाला सडा.

उतरताना आम्ही चार पावलं पळतो, वेग जिरवायला. इथं पहिलंच पाऊल माती धरणार, अंग पुढे जाणार आणि मध्ये घोटा. कोणता घोटा ते मला कुणी सांगायला नको होतं. उजवीकडे ज्वारी, डावीकडे तुरीच्या खुंट्या. ज्वारीपलीकडे, रस्ता ओलांडून, आणखी एक कोरडं रान दिसत होतं. तिकडे जायचं! दोऱ्या पूर्ण सोडल्या, म्हणजे छत्रीला पूर्ण वेग, आणि म्हशीला म्हटलं, चल बाई, पळ एकदा. ती जागची हलेना. खालची ज्वारी जिथल्या तिथे. मान वळवून बघितलं तर तारा मागे, होत्या त्याहून जवळ.

घोडी असती तर एव्हाना पलीकडे पोचले असते. त्या क्षणी मला माझा, कर्नलसाहेबांचा आणि सगळ्या म्हशींचा इतका राग आला म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं. चूक निवडली, आता भोग, असं मोठ्यानं म्हणाले सुद्धा.

तारांपासून दूर राहायला तोंड वाऱ्याकडेच ठेवलं. म्हैस लिफ्टसारखी खाली यायला लागली. पुढे नाही, मागे नाही, नुसती खाली. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. जी पुढे जातच नाही, ती मला पळायला तरी कशी लावील? वेगच नाही तर जिरवायचा काय? फक्त पाऊल टाकायचं नाही. पाय जुळवायचे, गुडघे वाकवायचे, टेकल्याबरोबर अंग कडेला सोडून लोळायचं. गावासमोर, सगळ्यांच्या मोबाइलसमोर, गाढवासारखं चिखलात लोळायचं. लोळू दे! काळं रान अंगावर आलं, दोन्ही दोऱ्या कमरेपर्यंत ओढल्या, म्हैस थबकली आणि तिनं मला खाली ठेवलं.

खाली

दोन्ही पाय घोट्यापर्यंत रुतले. अंग उजवीकडे टाकलं. डाव्या पायातून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मी किंचाळले. सुटला होता तो बूट.

चिखलात पडल्या पडल्या घोटा हलवला. वर, खाली, गोल. कट्ट. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी रडायलाच लागले. उठून हात वर करणार, एवढ्यात विमानाचा आवाज आला. दुसरी फेरी. वर दोन छत्र्या उघडल्या, पुढे लहान, मागे कर्नलसाहेबांची.

मी उठून हात वर केला की निखिलला वाटणार, सगळं ठीक. मग तो घोडीवरून सुसाट येणार आणि पळायला पाऊल टाकणार.

मी परत आडवी झाले. हात पसरले आणि मेल्यासारखी पडून राहिले.

"पडली गं पडली! पाय मोडला वाटतं!" बांधावरून हाकाटी झाली. बायका पळत सुटल्या. सगळ्यांच्या पुढे कांताबाई, अनवाणी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांनी माझ्या काखेत हात घातला.

"उचलू नका! मला हात लावू नका!"

"कुठं लागलं गं? बोल की! कुठं लागलं?"

"कुठंच नाही! वरच्याला दिसू दे मी पडलेली. तो इथं उतरला तर त्याचा पाय मोडेल. या चिखलात!"

त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडे, मग त्या ओल्या रानाकडे. त्यांचा चेहरा उतरला. झटकन उभ्या राहून त्या मागच्या बायकांवर ओरडल्या, "लांब व्हा गं समद्या! कुनी हात लावू नगा तिला! पडू द्या तशीच!"

आणि स्वतः माझ्याजवळून हलल्या मात्र नाहीत. वाकून, माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून उभ्या राहिल्या. पदराच्या कडेतून मला लहान छत्री येताना दिसत होती. सरळ आमच्याकडेच. वळ ना रे गाढवा, वळ! कांताबाई पुटपुटत होत्या, "जा रे बाळा तिकडं, जा रे."

अगदी शेवटी घोडी झपकन उजवीकडे झुकली, ज्वारीवरून सरसरत गेली आणि रस्त्यापलीकडे दिसेनाशी झाली. कर्नलसाहेब तिच्यामागून. मग पलीकडून आरोळी आली आणि ज्वारीच्या कणसांवरून एक हात वर दिसला. उभा होता पठ्ठ्या. उतरताना घसरून बसला तेव्हा सोयाबीनचा खुंट पार्श्वभागात घुसल्यामुळे पुढे दोन जेवणं त्यानं उभ्यानं केली, ते सोडा.

घरी आल्यावर कांताबाईंनी तांब्या माझ्या हाती दिलाच नाही. खाली बसून स्वतः पाय धुवायला लागल्या. काळी माती निघाली आणि त्यांचा हात व्रणावर थांबला.

"ह्ये काय?"

मी सांगितलं. पट्टी, स्क्रू, डॉक्टरांचं बोलणं, सगळं. त्या ऐकत होत्या. गुरुजी ओसरीवरून हळूच म्हणाले, "पहाटेच्या लाईटीवर हिनंच मोटर लावली. रान भिजवून घेतलं."

"तुला फुफाटा लागू नये म्हून केलं गं माय," त्या म्हणाल्या. "तू परवाच का न्हाई दावलास पाय? म्या रानभर गाद्या आंथरल्या असत्या."

त्यांच्या हाताखाली माझा पाय होता, तो मी तसाच राहू दिला. तुमी म्हणणारी बाई कधी तू म्हणायला लागली होती, ते मला तेव्हा कळलं.

रात्री अंथरुणावर पडून मी ठरवून टाकलं, उद्याची उडी मारायची नाही. नाशिकला जायचं. झालं तेवढं पुष्कळ झालं.

पुन्हा झरी

सकाळी घरात कुणी नव्हतं. चहा चुलीवर झाकून ठेवलेला. मी रानाकडे गेले.

सोयाबीनच्या भुसकटाचा मोठा ढीग गुरुजींच्या खळ्याजवळ होता, गुरांसाठी राखलेला. तो अर्ध्यावर आला होता. कांताबाई आणि शेजारच्या बायका टोपल्यांनी भुसकट नेऊन रानात पसरत होत्या. वरची माती आता सुकायला लागली होती, ओलीवर भुसकट चिकटून बसलं होतं, वाऱ्यानं उडत नव्हतं. कर्नलसाहेब त्यावर टाचा आपटून आपटून बघत चालले होते. 'मैदान तयार' म्हणणाऱ्या त्या सहायकाशी ते कालपासून एक शब्दही बोलले नव्हते.

"कसं आहे?" मी विचारलं.

"गादी," ते म्हणाले.

कांताबाईंनी मला उडी मार म्हटलं नाही, मारू नको असंही म्हटलं नाही. रिकामी टोपली कमरेवर घेऊन त्या एवढंच बोलल्या, "रान तयार हाय."

मी धावपट्टीवर गेले. निखिलनं आपणहून म्हैस माझ्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि म्हणाला, "ताई, हिची सवय करून घेतोय." त्या दिवशी वारा मंद होता. विमानातून बाहेर पडताना, खरं सांगते, मला पहिल्यांदाच भीती वाटली. म्हैस उघडली. खाली काळ्या पसाऱ्यात एक पिवळा चौकोन होता, गाव बांधावर होतं आणि चौकोनात एकच माणूस इकडून तिकडे चालत होतं. मी जवळ आले तसं ते माणूस थांबलं, कडेला झालं. कांताबाई होत्या. अनवाणी पायांनी सगळं रान चालून बघत होत्या, कुठं पाय रुततोय का.

आज वारा कमी म्हणून म्हैस पुढे येत होती. पळावं लागणार होतं. दोऱ्या ओढल्या, उजवं पाऊल टाकलं. मग डावं. ते टाकताना डोळे आपोआप मिटले. भुसकट चुरचुरलं, पाय टेकला, पाय निघाला. पुन्हा उजवं. पुन्हा डावं. मी उभी होते. हात वर केला आणि वरच ठेवला, खाली घ्यायचं भान राहिलं नाही.

बांधावर शिट्ट्या, आरोळ्या, काय काय चाललं होतं. कांताबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्या माझ्या डाव्या पायाकडे बघत होत्या.

"टाक बरं अजून एक पाऊल," त्या म्हणाल्या.

मी टाकलं.

"चल," त्या म्हणाल्या. "पाय धू आन् घरात ये."